राजा प्रागला, मुकुट व्हिएन्नाला

प्राग आणि व्हिएन्ना ही दोन शहरं बहुतेक सहलवाले एका दमात उरकतात. सकाळी प्रागहून बस निघते, दुपारी व्हिएन्नाच्या एखाद्या राजवाड्यासमोर उभी राहते आणि मधला सगळा मुलूख डुलक्या काढण्यात निघून जातो. आम्हाला ते नको होतं. आम्हाला म्हणजे मला आणि आत्याला. आत्या भुसावळला रेल्वेच्या आरक्षण खिडकीवर नोकरी करून निवृत्त झालेली. फिरायचं तर रेल्वेनेच, ही तिची एकमेव अट. "विमानतळ काय, कुठलाही घे, सारखाच," ती म्हणते. "स्टेशनवर उभं राहिलं की तो देश कसा चालतो ते कळतं." माझा स्वार्थ वेगळा होता. रुडॉल्फ दुसरा नावाच्या एका विक्षिप्त सम्राटाबद्दल मी बरंच वाचलं होतं, आणि त्याचा संसार या दोन शहरांत वाटला गेलाय हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

आधी व्हिसाचं सांगून टाकते, कारण विचारणारे सगळे तेच आधी विचारतात. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा. त्यासाठी ज्या देशात मुक्काम जास्त, त्या देशाकडे अर्ज करायचा. मुक्काम सारखा असेल तर पहिलं पाऊल जिथे पडणार त्या देशाकडे. आमचं पारडं प्रागकडे झुकलेलं, म्हणून अर्ज चेक देशाकडे. किमान ३० हजार युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी विमा लागतो, तो व्हिसाच्या सगळ्या काळाला पुरणारा असावा. विमानाचं तिकीट जाताना प्रागचं आणि परतताना व्हिएन्नाहून काढलं. असं केलं की पुन्हा पहिल्या शहरात यायचा हेलपाटा वाचतो, आणि भाड्यात फारसा फरकही पडत नाही.

रेल्वेचं तिकीट काढताना मात्र आत्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. या मार्गावरच्या रेलजेट गाड्या चेक रेल्वे आणि ऑस्ट्रियन रेल्वे मिळून चालवतात. दोघांच्याही संकेतस्थळांवर तिकीट मिळतं आणि एकाच गाडीचा भाव दोन्हीकडे वेगळा दिसू शकतो, त्यामुळे दोन्ही उघडून बघावं. जितकं आधी काढाल तितकं स्वस्त. पण ते स्वस्त तिकीट त्याच गाडीला चालतं. गाडी चुकली की पैसे गेले. इथवर आत्याला सगळं पटलं. बसायची जागा तिकिटात येत नाही, ती हवी तर थोडे जास्तीचे पैसे भरून राखून ठेवायची, हे वाचल्यावर ती थबकली.

"म्हणजे तिकीट आहे, पण सीट नाही?"

"नाही. रिकामी दिसेल तिथे बसायचं."

"म्हणजे जनरलचा डबा! सरळ सांगत का नाहीत?"

आम्ही जागा राखल्या. सुटीच्या दिवसांत आणि शुक्रवार-रविवारी तुम्हीही राखाच. याच मार्गावर रेजिओजेट नावाच्या खासगी कंपनीच्या पिवळ्या गाड्याही धावतात. त्यांच्या तिकिटात जागा धरलेली असते.

प्रागमध्ये पैसे बदलण्यापासूनच सावध राहायला लागतं. चेक देशात युरो नाही, कोरुना चालतो. जुन्या शहराच्या चौकाभोवती पैसे बदलून देणारी दुकानं पावलोपावली आहेत, आणि 'कमिशन शून्य' अशा मोठ्या अक्षरांखाली दर मात्र लुटारू असतो. एका ठिकाणी आत्याने शंभर युरो पुढे केले, हातात आलेल्या नोटा तिथेच मोजल्या आणि कागद माझ्यापुढे धरला: "हे बरोबर नाही." २०१९ पासून तिथे कायदा आहे, की असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करता येतो. मी तो कायदा म्हटल्यावर माणसाने तोंड वाकडं करून युरो परत दिले. त्यानंतर आम्ही बहुतेक सगळीकडे कार्डच वापरलं.

प्राग बघायचं तर पहाटे. चार्ल्स पुलाचा पाया १३५७ साली घातला गेला, त्यावर दोन्ही बाजूंना मिळून तीस पुतळे आहेत, आणि सकाळी नऊनंतर त्यातला एकही नीट बघता येत नाही इतकी गर्दी. आम्ही उजाडता उजाडता गेलो. पुलावर एक धावणारा माणूस, लग्नाचे फोटो काढून घेणारं एक कुडकुडणारं जोडपं आणि आम्ही. खाली व्लतावा नदी, वर किल्ला. त्या किल्ल्यात रुडॉल्फने १५८३ मध्ये आपला दरबार व्हिएन्नाहून हलवला. राजधानीच उचलून आणली म्हणा ना. व्हिएन्नातले नातेवाईक, त्यांच्या कटकटी आणि तुर्कांची धास्ती यांपासून लांब त्याला इथे बरं वाटलं असावं. चित्रं, घड्याळं, रत्नं, दुर्मीळ शिंगं, शिंपले असं काहीबाही तो गोळा करत बसला. टायको ब्राहे आणि योहानेस केप्लर हे दोन ज्योतिर्विद त्याच्या पदरी होते. केप्लरने ग्रहांच्या गतीचे पहिले दोन नियम मांडणारा ग्रंथ १६०९ साली प्रसिद्ध केला तो प्रागमध्ये असतानाच. टायको त्याआधीच, १६०१ मध्ये गेला. जुन्या चौकातल्या टीन चर्चमध्ये त्याची कबर आहे.

किल्ल्याच्या आत सोनेरी गल्ली म्हणून रंगीत बुटक्या घरांची एक रांग आहे. रुडॉल्फचे किमयागार इथे शिशाचं सोनं करत बसत, अशी दंतकथा प्रत्येक वाटाड्या सांगतो. खरं तर रुडॉल्फने ती जागा किल्ल्याच्या नेमबाज पहारेकऱ्यांना राहायला दिली होती. दारं इतकी ठेंगणी की आत्यालाही वाकावं लागलं, आणि आत्या पाच फूटसुद्धा नाही. मला त्या गल्लीपेक्षा जुन्या राजवाड्यातली एक साधी खोली जास्त भावली. २३ मे १६१८ रोजी तिथल्या खिडकीतून चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी सम्राटाचे दोन कारभारी आणि त्यांचा चिटणीस असे तिघे खाली फेकले. तिघेही वाचले. देवदूतांनी झेललं, असं कॅथलिक म्हणाले; उकिरड्यावर पडले, असं प्रोटेस्टंट म्हणाले. त्या खिडकीपासून तीस वर्षांचं युद्ध पेटलं, अर्ध्या युरोपची राखरांगोळी झाली. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता. खिडकीतून वाकून आम्ही दोघींनी खाली पाहिलं. उंची बरीच आहे. आत्याचा कौल उकिरड्याच्या बाजूने पडला.

या बंडाचा शेवट चौकात आहे. १४१० सालच्या खगोलीय घड्याळाखाली दर तासाला शेकडो लोक फोन वर धरून उभे राहतात. सांगाडा दोरी ओढतो, खिडक्यांतून बारा प्रेषित फिरून जातात, कोंबडा आरवतो, आणि 'एवढंच?' अशा चेहऱ्याने गर्दी पांगते. त्यांच्या पायाखालच्या फरशीत पांढरे क्रूस बसवले आहेत. मी मोजले, सत्तावीस. १६२० मध्ये हाप्सबर्गांनी, म्हणजे रुडॉल्फच्याच राजघराण्याने, बंडखोरांना प्रागजवळच्या पांढऱ्या टेकडीवर हरवलं आणि पुढच्या वर्षी २१ जूनला त्यांच्या सत्तावीस पुढाऱ्यांना इथे देहदंड दिला. त्यानंतर तीनशे वर्षं प्रागचे निर्णय व्हिएन्नात होत राहिले. हे क्रूस बघितल्याशिवाय व्हिएन्नाला जाऊ नये, असं माझं मत आहे. नाहीतर तिथला झगमगाट कुठून आला हे कळत नाही.

प्राग दुःखीच आहे असं नाही. मोझार्टवर या शहराचं व्हिएन्नापेक्षा जास्त प्रेम. त्याच्या 'दोन जिओवान्नी' या ऑपेराचा पहिला प्रयोग २९ ऑक्टोबर १७८७ ला इथल्या इस्टेट्स थिएटरात झाला. हिरवट-पांढरं ते नाट्यगृह आजही उभं आहे आणि तिथे प्रयोगही होतात. तो १७९१ मध्ये व्हिएन्नात वारला तेव्हा तिथे त्याचा दफनविधी साधाच झाला, आणि प्रागकरांनी मात्र नदीपलीकडच्या सेंट निकोलस चर्चमध्ये त्याच्यासाठी मोठी प्रार्थना घडवून आणली. वेन्सेस्लास चौकात फिरताना आत्या एका काचेच्या उंच इमारतीसमोर थांबली. वर लाल अक्षरांत नाव.

"बाटा? हा आपला ना?"

आपला नाही. टोमाश बात्याने १८९४ मध्ये झ्लिन गावात सुरू केलेला, आणि ही प्रागची इमारत १९२९ ची. आत्याच्या शाळेच्या काळ्या बुटांचं माहेर चेक देशाच्या पूर्वेकडच्या मोराव्हियात निघालं. कोलकात्याजवळच्या बाटानगरपर्यंत ही कंपनी नंतर पोचली. मग पुण्यात बनणारी स्कोडा मूळची इथली, जावा मोटरसायकलही इथलीच, अशी यादी निघाली आणि संध्याकाळपर्यंत चालली.

जेवणाचं थोडक्यात सांगते. शाकाहारी माणसाला प्रागमध्ये तळलेलं चीज तारतं. पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला जाड तुकडा, बरोबर बटाटे आणि तार्तार सॉस. पहिल्यांदा छान लागतं. रस्तोरस्ती कोळशावर फिरवून भाजलेली, साखरेत लोळवलेली पिठाची नळी 'जुनी चेक मिठाई' म्हणून विकतात, तिचं जुनेपण मुख्यतः पाटीवरच आहे. त्यापेक्षा कोपऱ्यावरच्या साध्या बेकरीत शिरा आणि बुख्ता मागा. मऊ गोड पाव, आत खसखस, दही-चीज किंवा आलुबुखाऱ्याचं आटवलेलं सारण. आम्ही गाडीसाठी त्याच बांधून घेतल्या.

निघायच्या दिवशी स्टेशनवर जरा लवकर गेलो, आणि ते बरंच झालं. प्रागचं मुख्य स्टेशन दुमजली कोडं आहे. मेट्रोतून आलं की आपण १९७० च्या दशकातल्या खालच्या बुटक्या दालनात येतो. तिकीट खिडक्या, दुकानं, गाड्यांचा फलक, सगळं तिथेच. बहुतेक प्रवासी तिथूनच फलाटावर जातात आणि वर काय आहे ते त्यांना कधी कळतच नाही. वर योसेफ फान्ताने १९०१ ते १९०९ या काळात बांधलेली जुनी इमारत आहे: मोठा घुमट, रंगीत काचा, भिंतींवर स्त्रियांचे पुतळे. सम्राट फ्रान्झ योसेफच्या नावाने हे स्टेशन उभं राहिलं. घुमटाखाली आज तारीख कोरलेली दिसते ती मात्र २८ ऑक्टोबर १९१८ ची, म्हणजे त्याच्या साम्राज्यातून फुटून चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला त्या दिवसाची. नंतर स्टेशनला अमेरिकेचे अध्यक्ष विल्सन यांचं नाव मिळालं. गंमत अशी की व्हिएन्नात त्याच सम्राटाच्या नावाचं स्टेशन अजून आहे आणि अजून त्याच नावाने ओळखलं जातं.

फलाट क्रमांक एकवर एक पुतळा आहे. चष्मा घातलेला माणूस, कडेवर एक मूल, शेजारी बॅग घेतलेली मुलगी. निकोलस विंटन. १९३९ मध्ये, युद्धाच्या तोंडावर, याच स्टेशनवरून त्याने बहुतेक ज्यू असलेली ६६९ मुलं गाड्यांत बसवून ब्रिटनला पाठवली. १ सप्टेंबरला आणखी सुमारे अडीचशे मुलांची गाडी सुटायची होती. त्या दिवशी युद्ध सुरू झालं आणि ती सुटलीच नाही. आत्याने एवढी वर्षं लोकांना गाडीत जागा मिळवून दिलेल्या. ती त्या पुतळ्यापाशी बराच वेळ उभी होती, मग म्हणाली, "चल, फलाट लागला असेल."

फलाट लागला नव्हता. इथे गाडी कुठल्या फलाटावर येणार हे सुटण्याच्या अगदी थोडी मिनिटं आधी फलकावर येतं, तोवर सगळी गर्दी खालच्या दालनात माना वर करून उभी. त्यातही आणखी एक मेख होती: फलकावर व्हिएन्नाचं नावच दिसेना. या मार्गाच्या बऱ्याच गाड्या व्हिएन्नाच्या पुढे ग्राझपर्यंत जातात, आणि फलकावर शेवटचं स्टेशन लिहितात. आमच्या शेजारची एक गुजराती मंडळी घाबरून इकडेतिकडे विचारायला लागली. आत्याने त्यांच्या तिकिटावर बोट ठेवलं. "गावाचं नाव बघू नका. गाडीचा नंबर बघा. नंबर कधी खोटं बोलत नाही." नंबर जुळला, फलाट आला, आणि दालनातून लोंढा सुटला. फलाटाचा आकडा वेगळा आणि रुळाचा वेगळा, हेही तिथेच ध्यानात ठेवा. गाडी रुळाच्या आकड्यावर उभी असते.

आत शिरायला ना दरवाजा, ना तपासणी. सरळ फलाटावर जायचं आणि चढायचं. डबे बसण्याचे, निळसर, स्वच्छ. प्रत्येक आसनावर छोट्या पट्टीवर अक्षरं उजळतात की ही जागा कुठून कुठपर्यंत राखलेली आहे. ज्या आसनावर 'प्राग ते ब्रनो' लिहिलंय, ते ब्रनोनंतर मोकळं. "चार्ट लावायची भानगडच नाही," आत्या पुटपुटली. तिच्या आवाजात कौतुक होतं की हळहळ, ते मला ठरवता आलं नाही.

सगळा प्रवास चारेक तासांचा, अंतर ४०० किलोमीटरच्या आसपास. पहिला तास लाबे नदीच्या सपाट प्रदेशातून, वेगात. पार्दुबित्से आलं तेव्हा मी आत्याला यान पेर्नरची गोष्ट सांगितली. ओलोमोउत्स ते प्राग हा लोहमार्ग त्याने बांधला आणि १८४५ च्या ऑगस्टमध्ये तो सुरू झाला. तेव्हापासून प्राग आणि व्हिएन्ना रुळांनी जोडली गेली. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी त्यानंतर आठ वर्षांनी. मार्ग सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच पेर्नर त्याच मार्गाने गाडीतून जात असताना खोत्सेन्यच्या बोगद्याजवळ बाहेर झुकला, खांबाला आपटला आणि दुसऱ्या दिवशी पार्दुबित्सेत वारला.

"दारात उभा होता," आत्या म्हणाली. हा प्रश्न नव्हता. "स्वतःच बांधलेला रूळ म्हणून काय झालं?"

खोत्सेन्यनंतर मैदान संपतं आणि गाडीचा वेग उतरतो. तिहा ओर्लित्से नावाची छोटी नदी वळणं घेत जाते आणि रूळ तिच्या काठाकाठाने. गाडी एका अंगावर कलते, मग दुसऱ्या. दोन्ही बाजूंना झाडीने भरलेले उतार, मध्येच गवतावर वाळत घातलेल्या चादरी, एखादा माणूस नदीत गळ टाकून बसलेला, इतका जवळ की त्याच्या बादलीत काय आहे ते दिसावं. चेस्का त्रझेबोवा या जंक्शननंतर ब्रनोपर्यंतचा मार्ग १८४९ चा. ब्लान्स्को सोडल्यावर दरी अरुंद होते आणि बोगदे सुरू होतात. अंधार, उजेड, नदी, पुन्हा अंधार. या पट्ट्यात फोनला रेंज गेली आणि समोरच्या तरुणाने वैतागून फोन खाली ठेवला. शांतपणे बाहेर बघायला लागला तो थेट ब्रनोपर्यंत. सहलीच्या बस मोटारवेने जातात, त्यांना हे काहीच दिसत नाही.

या मार्गावर विजेचे तीन प्रकार आहेत: चेक देशाच्या उत्तरेत ३ हजार व्होल्टची डीसी, दक्षिणेत २५ हजार व्होल्टची एसी आणि ऑस्ट्रियात १५ हजार व्होल्टची, तीही वेगळ्या कंपनसंख्येची. इंजिन मात्र तेच. ते तिन्हींवर चालतं. आत्याला हे कळल्यावर ती खुलली. इगतपुरीला डीसीचं इंजिन काढून एसीचं जोडेपर्यंत गाडी थांबायची आणि लोक वडे खायला उतरायचे, त्या दिवसांचीच ही गोष्ट, फक्त इथे कोणाला उतरायला मिळत नाही. वड्यांची उणीव म्हणून आम्ही जेवणाच्या डब्यात जाऊन बसलो. खरीखुरी टेबलं, काचेचे ग्लास, आणि वेटर काचेच्या भांड्यातून कॉफी घेऊन येतो. भाव विमानतळापेक्षा कितीतरी बरे. चेक बाजूला असतानाच खाऊन घ्या.

ब्रनोला टेकडीवर सेंट पीटर आणि पॉल कॅथेड्रलचे दोन टोकदार मनोरे दिसतात. तिथे दुपारच्या बाराची घंटा रोज अकरालाच होते. १६४५ मध्ये स्वीडिश सेनेने शहराला वेढा घातला होता. दुपारी बारापर्यंत शहर पडलं नाही तर आपण माघार घेऊ, असं स्वीडिश सेनापती म्हणाल्याचं गावकऱ्यांच्या कानावर आलं, आणि त्यांनी अकरालाच बारा वाजवले, अशी आख्यायिका आहे. हेच ते तीस वर्षांचं युद्ध, त्या प्रागच्या खिडकीतलं. वाटाण्याच्या रोपांवर आनुवंशिकतेचे प्रयोग करणारा मेंडेल याच शहरातल्या मठात होता.

ब्रनोनंतर उजवीकडची खिडकी धरा. पाणी चकाकतं, मागे पालावाच्या पांढऱ्या चुनखडीच्या टेकड्या आणि त्यांच्या उतारावर द्राक्षांचे मळे. हा भाग वाइनचा. मधे व्रानोवित्से नावाचं एक किरकोळ स्टेशन झर्रकन मागे पडतं. व्हिएन्ना-ब्रनो मार्गाचं ७ जुलै १८३९ ला उद्घाटन झालं तेव्हा पाहुणे घेऊन परतणाऱ्या दोन गाड्या तिथे एकमेकींवर आदळल्या. मार्गाचं नाव सम्राट फर्डिनंडचं. या फर्डिनंडने १८४८ मध्ये गादी सोडली आणि उरलेलं आयुष्य प्रागच्या किल्ल्यात काढलं. १८७५ ला गेल्यावर त्याला मात्र व्हिएन्नाला नेऊन पुरलं.

ब्रझेत्स्लाव हे चेक बाजूचं शेवटचं स्टेशन. तिथे गाडीचे कर्मचारी बदलतात आणि नवा तपासनीस पुन्हा तिकीट बघतो. सीमा कधी ओलांडली ते सांगणारं काही नाही. चेक देश २००७ पासून शेंगेनमध्ये आहे. तरी पासपोर्ट बॅगेत तळाशी ठेवू नका, पोलीस कधीकधी चढतात. आमच्या डब्यात दोघं आले, चेहरे बघत पुढे गेले. पलीकडे जमीन सपाट, सगळीकडे पवनचक्क्या. वाटेत डॉइच-वाग्रामही लागतं; ऑस्ट्रियातली पहिली वाफेची गाडी १८३७ मध्ये याच गावापर्यंत धावली होती. मग डॅन्यूब ओलांडली आणि गाडी उंच, कोनाकोनांच्या छताखाली शिरली.

व्हिएन्नाचं हे मुख्य स्टेशन नवं आहे, २०१४ मध्ये पूर्णपणे सुरू झालं. जुन्या दक्षिण स्टेशनातला पंख असलेला दगडी सिंह तेवढा आत ठेवलाय. तिथून यू-१ मेट्रोने तिसरं स्टेशन म्हणजे श्टेफान कॅथेड्रल. मेट्रोत इथेही अडवणारी दारं नाहीत. तिकिटावर वेळ छापून घ्यायची आणि विश्वासाने आत जायचं. साध्या कपड्यांतले तपासनीस असतात, तेव्हा विश्वासाला तिकिटाची जोड द्या.

व्हिएन्नात पहाटे उठायची गरज नाही. रस्ते रुंद आहेत, गर्दी मावते. जुना तट पाडून रिंग रस्ता करायचा हुकूम फ्रान्झ योसेफने १८५७ मध्ये काढला आणि त्यावर ऑपेरा, संसद, नगरभवन, संग्रहालयं ओळीने उभी राहिली. ट्राम १ आणि २ त्या रस्त्याच्या बऱ्याच भागातून जातात; साध्या तिकिटात अर्धं शहर दिसतं. श्टेफान कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याच्या ३४३ पायऱ्या मी चढले. आत्या खाली बाकावर बसून घोडागाडीवाल्यांचे दर विचारत होती. शॉनब्रुन राजवाड्याच्या १,४४१ खोल्यांपैकी आपल्याला थोड्याच दाखवतात आणि त्याही मला जास्त वाटल्या. बेलवेडेअर राजवाड्यात क्लिम्टचं 'चुंबन' हे चित्र बघायला गेलात तर बागेतून चालत जा, स्टेशनपासून ते जवळच आहे.

सुभाषबाबूंची आठवण इथे निघाल्याशिवाय राहत नाही. १९३३ मध्ये उपचारांसाठी ते व्हिएन्नात होते. विठ्ठलभाई पटेलही तेव्हा इथेच. त्याच वर्षी सुभाषबाबू प्रागला जाऊन चेकोस्लोव्हाकियाचे परराष्ट्रमंत्री एडवार्ड बेनेश यांना भेटले. व्हिएन्नाच्या ताब्यातून सुटून जेमतेम पंधरा वर्षं झालेल्या देशाने ते कसं साधलं, यात त्यांना रस असणं साहजिकच होतं.

आणि होफबुर्ग राजवाड्यातला खजिना. मी ज्यासाठी आले होते ते तिथे, अंधाऱ्या खोलीत काचेमागे आहे. रुडॉल्फचा मुकुट. १६०२ मध्ये प्रागच्या किल्ल्यात घडवलेला. सोनं, माणकं, मोती आणि टोकावर निळा नीलमणी. दोन बाजूंच्या सोन्याच्या पत्र्यांवर त्याच्या राज्याभिषेकांचे आणि तुर्कांवरच्या विजयाचे देखावे इतके बारीक कोरलेत की घोड्यांची आयाळ मोजता येते. १६१२ ला रुडॉल्फ प्रागमध्ये वारला. त्याच्यामागून दरबार व्हिएन्नाला परतला आणि मुकुटही गेला. १८०४ मध्ये ऑस्ट्रियाचं साम्राज्य जाहीर झालं तेव्हा त्याचा अधिकृत मुकुट म्हणून हाच ठरला. रुडॉल्फ स्वतः मात्र प्रागच्या सेंट व्हिटस कॅथेड्रलखाली राहिला. जवळच्या कलाइतिहास संग्रहालयाच्या कुन्स्टकामर नावाच्या विभागात त्याने जमवलेली घड्याळं आणि शंख-शिंपल्यांची पात्रं मांडली आहेत. भाज्या-फळांतून माणसांचे चेहरे रचणाऱ्या आर्चिंबोल्डोची चित्रंही याच संग्रहालयात आहेत. खुद्द रुडॉल्फचं तसं चित्र इथे नाही. १६४८ मध्ये स्वीडिश सैन्याने प्रागचा किल्ला लुटला त्यात ते गेलं आणि आजही स्वीडनमध्येच आहे.

"मग प्रागकर परत मागत नाहीत?" आत्याने विचारलं. मुकुटाजवळ उभा असलेला पहारेकरी आमच्याकडे बघत होता.

"हळू बोल, आत्या."

"मराठीत बोलतेय."

प्रागहून माणसंही आलीच. १९०० च्या सुमाराला व्हिएन्नात लाखावर चेक भाषिक होते: वीटभट्ट्यांवर मजूर, शिंपी, आणि श्रीमंतांच्या घरी स्वयंपाकिणी. आज 'अस्सल व्हिएन्नी' म्हणून जे गोड पदार्थ खाऊ घालतात त्यातले निम्मे त्या बायकांनी आणले. हावेल्का नावाच्या जुन्या, धुरकट भिंतींच्या कॅफेत रात्री आठनंतर भट्टीतून बुख्टेल्न निघतात. चांदीच्या ताटलीत कॉफी, शेजारी पाण्याचा ग्लास, आणि वर पिठीसाखर भुरभुरलेले गरम पाव. मी एक फोडला. आत आलुबुखाऱ्याचं काळं सारण.

आत्याने एक घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "ह्या तर आपण गाडीत खाल्लेल्या."

मग तिने बिल उलटं करून पेनाने प्रागच्या बेकरीतला भाव कोरुनांचे युरो करून त्यावर मांडला, इथला भाव खाली लिहिला, वजाबाकी केली, आणि वेटरला हात करून आणखी एक ताटली मागवली.